समोरच्या दाराचा वाटा

“माझ्या घेवड्याला हात लावू नकोस,” एर्मिनिया म्हणाली. पण तोवर तिच्या नवऱ्याने, बेलार्मिनोने, परातीतले मूठभर दाणे उचललेही होते.

“मग पाण्याच्या जागा कशानं दाखवू?”

“खड्यांनी दाखव. निवडून बाजूला ठेवलेत ते.”

“खडे म्हणजे आटलेली तळी. यंदा तेही लागतीलच. आण इकडे.”

त्याने तिच्या बोटांखालचे खडेही ओढून घेतले आणि द्राक्षांच्या चित्रांच्या मेणकापडावर बघता बघता डोंगर उभा केला. साखरेचं भांडं म्हणजे शिखर. वाळलेल्या लाल मिरच्या एकीला एक जोडून लावल्या, ती पूर्वेची सोंड. मिठाची बाटली म्हणजे तंबू. टेबलाच्या पलीकडे उबाल्दो टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. गेल्या खेपेला शिखर म्हणून कॉफीचा कप ठेवला होता आणि याने तो बोलण्याच्या भरात पिऊन टाकला होता. म्हणून यंदा साखर.

“खालच्या पवनचक्कीपाशीच बसू की,” उबाल्दो म्हणाला. “ट्रक थेट जातो. टाकीत पाणी असतंच.”

बेलार्मिनोने त्या जागी खडा ठेवला. “नसतं. त्या पंपाची झडप गेली होती. मी मालकाला सांगितलं, बदल. तो म्हणाला, बघू. बघू म्हणणारा माणूस कधी बदलतो का?”

तरुणपणी बेलार्मिनो युरेनियमच्या खाणीत होता. खाण बंद पडल्यावर त्याने पान्हे उचलले आणि आसपासच्या कुरणांवरच्या पवनचक्क्या, पंप दुरुस्त करत आयुष्य काढलं. न्यू मेक्सिकोच्या त्या कोरड्या मुलखात ज्याला पाणी ठाऊक त्याला जनावर ठाऊक. घोड्याएवढी ती हरणं, एल्क, दिवसभर देवदारांच्या सावलीत दडून बसतात; पण तहान काही दडवता येत नाही. शरद लागला की गावातले लोक आपापली बंदूक साफ करायच्या आधी बेलार्मिनोला विचारून जायचे, यंदा पाणी कुठं?

खाणीने मात्र जे द्यायचं ते उशिरा दिलं. आता त्याच्या नाकाशी दोन तोंडांची नळी होती. ती कानांवरून जाऊन स्वयंपाकघरभर लोळत कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या यंत्रापर्यंत पोचायची. यंत्र दिवसरात्र सुस्कारे टाकायचं. कानेला नावाची म्हातारी कुत्री कधीकधी नेमकी नळीवर बसायची. मग बेलार्मिनोचं वाक्य मध्येच तुटायचं, आणि उबाल्दो टेबलाखालून पायाने कुत्रीला सरकवायचा.

आणि अशा वर्षी परवाना निघावा! शिकारीची सोडत असते. दोघे मित्र दर वर्षी एकाच अर्जात दोन्ही नावं घालायचे. निघालं तर दोघांचं, नाहीतर कुणाचंच नाही. कित्येक वर्षं कोरडी गेली होती, तरी टेबलावर डोंगर दर वर्षी मांडला जायचा. यंदा निघालं. दोन्ही परवाने सान इसिद्रोच्या तसबिरीमागे खोचून ठेवले होते, आणि ते दिसले की एर्मिनियाला त्या संताचाही राग यायचा. जन्मभर मेणबत्त्या लावल्या, तेव्हा झोपला होता. आता जागा झाला.

अल्बुकर्कीच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, डोंगर बघायचा तर खिडकीतून. एर्मिनियाने त्याच दिवशी ट्रकची किल्ली पिठाच्या डब्यात खोल पुरून ठेवली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं उभं आयुष्य गेलं होतं. मुलं साखरेत हात घालतात, पिठात कुणी घालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. मग ती भांडणाची तयारी करून बसली. तो किल्ली मागेल, मग आपण काय म्हणायचं. तो आवाज चढवेल, मग आपण काय आपटायचं. सगळं ठरलं होतं.

पण बेलार्मिनो किल्ली मागतच नव्हता. वसंत गेला, उन्हाळा कोरडाच गेला, अंगणात हिरव्या मिरच्या भाजायचे दिवस आले, तरी नाही. तिची तयारी पिठात पडून राहिली.

“हा पारव्याचा झरा,” बेलार्मिनोने मिरच्यांच्या मागे घेवड्याचा दाणा ठेवला. “हा आटला तरी ओल राहते. नर तिथं चिखलात लोळायला येतो. सकाळी वारा खाली उतरतो, तेव्हा खालून यायचं. सोंडेच्या मागून, सावलीच्या अंगानं. ऊन तापलं की वारा उलटा फिरतो. तोवर काम झालं तर झालं, नाहीतर गुमान परत.”

आणि त्याने खिशातून काडेपेटी काढून एक काडी सोंडेमागे आडवी ठेवली. शिकारी म्हणजे काडी. दर वर्षी दोन काड्या असायच्या. एर्मिनिया घेवडा निवडता निवडता दुसऱ्या काडीची वाट बघत राहिली. त्याने काडेपेटी मिटून खिशात टाकली.

उबाल्दोलाही ते दिसलं. तो टोपीची कड चाचपत म्हणाला, “कोंपाद्रे, एकट्यानं नाही जायचो मी.”

“मग गावच्या विधवांना मांस म्हणून काय वाटशील? तुझी टोपी?”

“तुझा परवाना...”

“माझा परवाना संताकडे आहे. त्याला जायचं असेल तर जाऊ दे त्याला. गुडघे बरे आहेत त्याचे.”

उबाल्दो हसला. एर्मिनियाही हसली, आणि हसू आवरायला तिला परातीत बघावं लागलं.

मग वाट्यांची पाळी आली. जनावर अजून डोंगरात सुखाने चरत असायचं आणि इथे त्याचं मांस घरोघर पोचायचं. बाजारात तुरी म्हणतात तो प्रकार. पण तिथे तसंच करायची रीत होती. वाटे आधी ठरायचे, मग बंदूक उचलायची. बेलार्मिनोने मेणकापडाच्या मोकळ्या भागावर एक चमचा आडवा ठेवला आणि दाण्यांचं गाव मांडलं. चमच्याच्या पलीकडे शिकाऱ्यांची घरं, अलीकडे विधवांची.

शिकाऱ्याचा वाटा म्हणजे मागची तंगडी. ती खांद्यावरून यायची, स्वयंपाकघराच्या दाराने, आरडाओरडा करत, बुटांचा चिखल फरशीवर आपटत. विधवेचा वाटा म्हणजे पाठीच्या कण्याकडेचं मऊ मांस, जनावरातला सगळ्यात चांगला भाग. तो पांढऱ्या फडक्यात बांधून समोरच्या दाराने यायचा. आणणाऱ्याने टोपी काढायची आणि तिच्या नवऱ्याचं नाव घ्यायचं, हा अमक्याचा वाटा. कारण तो तिला दिलेला नसायचाच. त्याचाच असायचा, तो नाही म्हणून तिच्याकडे पोचवायचा. तिने एवढंच म्हणायचं, सांगते त्याला. शेजारची म्हातारी क्लेओफास तर पुढे म्हणायची, “सांगते तेओफिलोला. पण तो म्हणेल, मी असतो तर याहून मोठा मारला असता.” तेओफिलोने जन्मात सशापलीकडे काही मारलं नव्हतं.

बाकी समोरचं दार कुणी वापरत नसे. एर्मिनियाच्या घराचं तर उघडतच नव्हतं म्हटलं तरी चालेल. मातीची भिंत बसली होती, चौकट खाली आली होती, दार फरशीला घासून अडायचं. वर्षातून एकदा पाद्री घराला आशीर्वाद द्यायला यायचा, तेव्हा बेलार्मिनो चौकटीला पाय रोवून दोन्ही हातांनी आतून ओढायचा आणि पाद्री बाहेरून ढकलायचा. आशीर्वाद देईपर्यंत पाद्र्याला धाप लागलेली असायची.

“ही क्लेओफास,” बेलार्मिनो दाणे ठेवत गेला. “ही वळणावरची बास्किता. ही शाळेमागची. आणि ही...”

चौथा दाणा त्याने चमच्याच्या अलीकडे, विहिरीशेजारी ठेवला. विहीर म्हणजे बाटलीचं बूच. विहिरीशेजारी गावात एकच घर होतं, आणि त्याच घरात ते तिघे बसले होते.

यंत्राने दोन सुस्कारे टाकले. एर्मिनियाने हात पुसले, पुढे वाकून तो दाणा उचलला आणि चमच्याच्या पलीकडे, उबाल्दोच्या दाण्याला चिकटवून ठेवला.

बेलार्मिनोने तो सावकाश परत आणला.

“हे बघ,” ती म्हणाली, “तू श्वास घेतोयस तोवर या घरात मांस मागच्या दारानं येईल.”

“श्वास मी कुठं घेतोय? ते यंत्र घेतंय.”

एर्मिनियाने परात टेबलाच्या कडेला लावली आणि हाताने सगळं आत लोटलं. झरे, तळी, क्लेओफास, बास्किता, काडी, बूच. मिरच्याही गेल्या. उबाल्दोने साखरेचं भांडं तेवढं झेललं. “कोमाद्रे, माझ्या... माझ्या कोंबड्या कोंडायच्या राहिल्यात,” असं पुटपुटत तो स्वयंपाकघराच्या दाराने सटकला. भरदुपारी कोंबड्या कोंडणारा उबाल्दो. त्याने त्यांची मुलगी बाप्तिस्म्याला हातात धरली होती, म्हणून ही त्याची कोमाद्रे आणि बेलार्मिनो कोंपाद्रे, मानलेली सोयरीक. नाहीतर त्या दिवशी तिने उबाल्दोलाही परातीत लोटलं असतं.

तिने काडी आणि बूच वेचून काढलं, खडे वेचले, आणि उरलेलं सगळं गाव धुऊन चुलीवर चढवलं.

बेलार्मिनो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता निळा पडला. ती नळी सारखी करत, त्याची पाठ चोळत उभी राहिली. श्वास परत आल्यावर तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “एर्मिनिया, हे घर अलीकडे कुणीतरी ठेवणारच. उबाल्दो ठेवील, रडत रडत ठेवील. त्यापेक्षा मी ठेवलेलं बरं ना? मला ठेवता येतंय तोवर.”

“तू किल्ली का मागत नाहीस?” तिने एकदम विचारलं.

“पिठातली?”

तिने डब्याकडे पाहिलं.

“भाकऱ्यांना लोखंडाचा वास येतोय वसंतापासून” असं काहीतरी तो म्हणेल म्हणून ती वाट बघत होती. थट्टा केली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “असू दे तिथंच. मागितली असती तर तू दिली नसतीस. आणि दिली असतीस तर मला जावं लागलं असतं.”

त्या रात्री त्यांनी गाव खाल्लं. मीठ जरा कमी होतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी बेलार्मिनो म्हणाला, क्लेओफासला भाजलेल्या मिरच्या देऊन ये. एर्मिनिया म्हणाली, परवाच दिल्यात. तो म्हणाला, म्हाताऱ्या बाईला परवाच्या पुरतात का? क्लेओफासने नेहमीप्रमाणे बसवून घेतलं, गुडघ्यांपासून सुरुवात करून मेक्सिकोतल्या भाचीपर्यंत सगळं सांगितलं. एर्मिनिया परतली तेव्हा घराला ताज्या लाकडाचा वास येत होता. उबाल्दो केरसुणी हातात धरून उभा होता, आणि त्याच्या हातात केरसुणी तिने कधी पाहिली नव्हती. बेलार्मिनो खुर्चीत होता. नळी ताणून बाहेरच्या खोलीपर्यंत गेलेली होती. पायजम्यावर भुसा होता आणि चेहरा राखेसारखा.

“काय चाललंय?”

“तंबूच्या खुंट्या तासल्या,” उबाल्दो म्हणाला.

“घरात?”

“बाहेर ऊन आहे, कोमाद्रे.”

“दोन म्हातारे आणि एक अक्कल,” ती म्हणाली. “तीही आज घरी नव्हती.” तिने केरसुणी हिसकावून घेतली, उरलेला भुसा गोळा केला आणि बेलार्मिनोला निजवलं. खुंट्या बघाव्यात असं तिच्या मनातही आलं नाही.

शिकारीचा मोसम लागायच्या आतच तो गेला. अल्बुकर्कीच्या इस्पितळात, पहाटे, ती कॉफी आणायला गेली असताना. ती परत आली तेव्हा नर्सने यंत्र बंद केलं होतं, आणि एर्मिनियाला आधी कळेना की खोलीत नेमकं काय कमी झालंय. सुस्कारे कमी झाले होते. शवपेटी तिकडूनच थेट चर्चमध्ये आली. लोक भेटायला आले ते नेहमीसारखे स्वयंपाकघराच्या दाराने, हातात भांडी घेऊन. फिनिक्सहून मुलगी आली, चार दिवस राहिली, आई तू आता तिकडेच चल म्हणाली. एर्मिनिया म्हणाली, बघू. आणि बघू म्हणणाऱ्याबद्दल बेलार्मिनो काय म्हणायचा ते आठवून तिने तोंड फिरवलं.

मोसमाच्या आदल्या दिवशी उबाल्दो आला. दाढी वाढलेली. बसला, उठला, परत बसला.

“मी नाही जात, कोमाद्रे.”

“का?”

“खालच्या टाकीत पाणी नाही. बघून आलो. झडप नाही बदलली त्यानं.”

“मग वर जा.”

“वर कुठं? तो सांगत होता तेव्हा माझं लक्ष कुठं होतं! मी त्या काडीकडे बघत होतो.” त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. “माझा ट्रक तिथं चढतही नाही. जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू.”

एर्मिनिया उठली. डब्यातून मूठभर घेवडा काढला. मेणकापड पुसलं. साखरेचं भांडं मधोमध ठेवलं.

“हे पिऊ नकोस,” ती म्हणाली.

तिने मिरच्या लावल्या. खालच्या टाकीला खडा, लांडग्याच्या खिंडीतल्या तळ्याला खडा. सोंडेच्या मागे एक दाणा. “हा पारव्याचा झरा. आटला तरी ओल असते. सकाळी वारा खाली येतो तेव्हा खालून चढ. सावलीच्या अंगानं. ऊन तापलं की वारा फिरतो, मग हट्ट करायचा नाही, गुमान परत यायचं.” तिने एक काडी आडवी ठेवली. उबाल्दो बघत राहिला. इतकी वर्षं आपण दोघे डोंगर मांडत होतो आणि ती फक्त घेवडा निवडत होती, असं त्याला वाटत होतं.

मग तिने चमचा ठेवला. पलीकडे उबाल्दोचं घर. अलीकडे क्लेओफास, बास्किता, शाळेमागची. बूच ठेवलं.

हातात एकच दाणा उरला. तो तिने अंगठ्याने जरा वेळ फिरवला. ठिपक्यांचा, गुळगुळीत, जरासा कोमट झालेला. मग विहिरीशेजारी ठेवला. अलीकडे.

तिने पिठाचा डबा काढला, कोपरापर्यंत हात घातला आणि किल्ली काढून त्याच्यापुढे धरली.

“त्याचा ट्रक ने. तो चढतो. दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. चाळीस वर्षं मी तेच केलं.”

तो पांढरी किल्ली मुठीत घेऊन गेला. अंगणभर त्याच्या मागे पिठाचे ठिपके पडले. कानेला ते चाटत फाटकापर्यंत गेली.

नंतरचे दिवस एर्मिनियाने कामात काढले. करण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून धुतलेलं पुन्हा धुतलं. डोंगराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि खिडकी तिकडेच होती. कोपऱ्यातलं यंत्र कंपनीची माणसं घेऊन गेली होती. त्या जागी फरशीचा चौकोन जरा उजळ दिसायचा. कुत्री तिथे जाऊन बसायची, आता नळी नसली तरी.

एका दुपारी ट्रकचा आवाज आला. दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत. तिचे हात साबणात होते. तो आवाज ऐकला की ती आजवर एकच काम करायची. स्वयंपाकघराचं दार सताड उघडून ठेवायची आणि ओरडायची, बूट बाहेर! आत्ताही ती दारापर्यंत गेली. कडीला हात लावला.

ट्रक मागे आलाच नाही. घराच्या समोर थांबला.

पावलं वाजली. हळू, चिखल न आपटता. मग समोरच्या दारावर थाप पडली. त्या दारावर थाप कशी वाजते हे ती विसरून गेली होती.

तिने हात पुसले, केस सारखे केले. बाहेरच्या खोलीत गेली, बेलार्मिनो करायचा तसा डावा पाय चौकटीला रोवला, कडी दोन्ही हातांनी धरली, दात आवळले आणि सगळं बळ एकवटून ओढलं.

दार फुलासारखं उघडलं. एर्मिनिया मागे कोलमडता कोलमडता राहिली.

तिने खाली पाहिलं. दाराची खालची कड तासलेली होती. जुन्या काळपट लाकडाखाली बोटभर रुंदीची ताजी, पिवळी पट्टी. एका टोकाला रंधा नीट सरळ फिरला होता. मधे तो थांबत थांबत, पुन्हा पुन्हा टेकवून फिरवलेला दिसत होता, दर हाताला दम खात. ते उबाल्दोचं काम नव्हतं. उबाल्दोचा श्वास चांगला होता.

बाहेर उबाल्दो टोपी काढून उभा होता. तो दार ढकलायला पुढे झाला नव्हता. त्याला ठाऊक होतं. त्याच्या दोन्ही हातांत पांढऱ्या फडक्याचं गाठोडं होतं.

“हा बेलार्मिनोचा वाटा, कोमाद्रे.”

तिने दोन्ही हात पुढे केले. गाठोडं जड होतं. तिला वाटलं होतं त्याहून जड.

“झऱ्यावर?” तिने विचारलं.

“झऱ्यावर. वारा फिरायच्या आत.”

तिने मान हलवली. आता तिने काय म्हणायचं ते गावात सगळ्यांना माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

“सांगते त्याला,” ती म्हणाली.

उबाल्दो टोपी हातातच धरून फाटकापर्यंत चालत गेला. ट्रक कुरकुरत वळला. एर्मिनियाने गाठोडं एका कुशीत घेतलं, मोकळ्या हाताचं एक बोट दाराला लावलं आणि हलकंच लोटलं. ते आवाज न करता मिटलं.